बालू २ : पाट्या, पाकिटं आणि टेंपोंसाठी एक जाड, गुबगुबीत अक्षर

पाट्या, लेबलं, फ्लेक्स, गाड्यांवरचं रेडियम, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे बॅनर. मिरजेतल्या आमच्या दुकानात दिवसभर हेच चालतं. गिऱ्हाईक कुठलंही असो, निम्म्या वेळा मागणी ठरलेली: "ताई, अक्षर जाड पाहिजे. लांबून दिसलं पाहिजे." मागणी रास्त आहे. रस्त्यावरचा माणूस पाटीसमोर उभा राहून वाचत नाही, जाता जाता एक नजर टाकतो. त्या एका नजरेत नाव पोचलं पाहिजे.

अडचण अशी की आपल्याकडे जाड देवनागरी बहुतेक वेळा बळेच जाड केलेली असते. बारीक फॉन्ट घ्यायचा, त्याला चारही बाजूंनी त्याच रंगाची आउटलाइन द्यायची, झालं जाड. गावात फिरताना वर बघितलं की हा प्रकार सगळीकडे दिसतो. मग 'ध'ची वरची गाठ बुजते आणि तो 'घ' होतो. 'भ'चा 'म' होतो. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार मात्रेत घुसतो, 'क्ष'चा तर नुसता गोळा उरतो. रंग चांगला, छपाई चांगली, फ्लेक्सचा कपडा चांगला, आणि नाव वाचता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पैसे गिऱ्हाइकाचे गेलेले असतात.

म्हणून 'बालू २' या फॉन्टबद्दल सविस्तर लिहिते आहे. हे अक्षर जाडच काढलेलं आहे, मागाहून फुगवलेलं नाही. आमच्या कामात या एका गोष्टीने फार फरक पडला.

बालू हा मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाचा फॉन्ट. देवनागरीच्या रेखाटनामागे सारंग कुलकर्णी आहेत. रोजच्या वापरातला 'मुक्त' याच गटाचा, अतिजाड 'मोदक' याच गटाचा, आणि अलीकडचा 'अनेक'ही. नाव अस्वलाचं आहे आणि अक्षराला शोभतं. पहिला बालू एकाच जाड वजनात (वजन म्हणजे अक्षराच्या रेषेची जाडी) आला होता. 'बालू २'मध्ये पाच वजनं आहेत: रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड. देवनागरीशिवाय बाकीच्या लिप्यांसाठी त्याची भावंडं आहेत: गुजरातीला भाई, उर्दूला भाईजान, ओडियाला भाईना, मल्याळमला चेट्टन, बांगलाला दा, गुरुमुखीला पाजी, कन्नडला तम्मा, तेलुगूला तम्मुडू आणि तमिळला तंबी. प्रत्येकात रोमन, म्हणजे इंग्रजीची अक्षरं आहेतच. आमचा भाग कर्नाटकाला लागून असल्यामुळे तम्मा आम्हाला खरोखर उपयोगी पडतो. एकाच पाकिटावर मराठी आणि कन्नड नाव छापायचं असेल तर दोन्ही एका घरातली वाटतात. पूर्वी त्यातलं एक नेहमी पाहुणं वाटायचं.

आता अक्षराकडे जवळून बघू. उदाहरण एका भडंगाच्या पाकिटाचं. घरून भडंग करून विकणाऱ्या एका मावशींना मोठं नाव हवं होतं, पिवळ्यावर लाल. मी 'भडंग' हा शब्द एक्स्ट्राबोल्डमध्ये टाकला आणि स्क्रीनवर खूप मोठा करून पाहिला.

पहिल्यांदा 'भ'. डाव्या वरच्या कोपऱ्यातली गाठ आणि तिथे तुटलेली शिरोरेषा, एवढ्यावरच 'भ' आणि 'म' वेगळे राहतात. अक्षर जाड करताना सगळ्यात आधी हीच जागा बुजते. बालूमध्ये ती राखलेली आहे. रेषेने तिथे थोडं अंग चोरलंय आणि फट उघडी ठेवलीय. लांबून ही चोरी कळत नाही, अक्षर एकसारखं जाड वाटतं. मग 'ड'. त्याचं खालचं वळण ऐसपैस आहे, पोटातली मोकळी जागा शाबूत. अनुस्वाराचा ठिपका मोठा आहे, पण शिरोरेषेपासून सुटा. 'ग'चा काना आणि डावीकडचा आकडा यांच्यात पुरेसं अंतर.

आडव्या रेषा उभ्या रेषांपेक्षा बारीक आहेत, शिरोरेषा धरून. हे मुद्दाम करावं लागतं. देवनागरीत एकाच अक्षरावर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा किंवा वेलांटी, खाली जोडाक्षराचा दुसरा मजला आणि त्याखाली उकार, असं सगळं एकावर एक येतं. आडवी रेषा उभीइतकीच जाड ठेवली तर उंचीत जागाच उरत नाही. रोमन अक्षराला ही अडचण एवढी नसते. त्यामुळे रोमनचा जाडपणा मोजून तोच देवनागरीला लावला की अक्षर कोंदटतं. बालूमध्ये देवनागरीचा हिशेब देवनागरीच्या गरजेने केलेला दिसतो, आणि मला या फॉन्टचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो.

गोलपणाविषयी थोडं. 'राउंडेड' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे रेषेचं टोक पूर्ण अर्धगोल केलेलं अक्षर येतं. बालू तसा नाही. इथे टोक सपाट कापून त्याचे कोपरे मऊ केलेत, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे. म्हणून ते प्रेमळ दिसतं पण बाळबोध दिसत नाही. रोमन अक्षरांतही बुंध्याला, म्हणजे उभ्या रेषेला, फुटणारे छोटे काटे काढून टाकलेत, वळण सरळ बुंध्यात मिसळतं. दोन्ही लिप्यांचा स्वभाव त्यामुळे जुळतो.

भडंगाचं पाकीट छापून आलं तेव्हा पातळ प्लास्टिकवर शाई थोडी पसरली होती, ती नेहमीच पसरते. तरीही 'भ' हा 'भ'च राहिला. मावशींनी पाकीट हातभर लांब धरून वाचलं आणि म्हणाल्या, "आता कसं भरल्यागत वाटतंय." खाण्याच्या पदार्थाला अक्षर असंच हवं, भरल्यागत. पापड, चटण्या, हळद, शेंगदाण्याची चिक्की, आइस्क्रीम, दूध-दही या सगळ्यांना बालूचा बोल्ड किंवा एक्स्ट्राबोल्ड अगदी बसतो.

मात्र त्याच पाकिटाच्या मागच्या बाजूला, जिथे घटक पदार्थ, वजन, पत्ता आणि परवाना क्रमांक येतो, तिथे मी बालू वापरत नाही. त्याचा रेग्युलर वाचनीय आहे, पण गुबगुबीत अक्षराला श्वास घ्यायला जागा लागते आणि मागच्या बाजूला ती नसते. तिथे 'मुक्त' घालते. एकाच गटाचं काम असल्यामुळे पुढचं आणि मागचं भांडत नाही. एक्स्ट्राबोल्ड तर बारीक आकारात कुणीच वापरू नये. 'राष्ट्र', 'शुद्ध', 'ज्ञान', 'लक्ष्मी' असे शब्द व्हिजिटिंग कार्डावर एक्स्ट्राबोल्डमध्ये छापले की जोडाक्षरांची पोटं भरतात. हा फॉन्टचा दोष नाही. मोठ्या आकाराचं अक्षर लहान जागेत घातलं की तसंच होणार.

पाटीकडे येते. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी नाव आधी हवं आणि त्याचं अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, असंही त्यात आहे. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा या विषयाची चर्चा सगळीकडे झाली. पण चर्चा अक्षराच्या उंचीवर थांबली. उंची सारखी करूनही मराठी नाव दुबळं दिसू शकतं. वर घासून बारीक झालेलं मराठी आणि खाली ठसठशीत इंग्रजी, अशा कितीतरी पाट्या मी बघते. नियम पाळलेला असतो, पण नजर जाते ती खालच्या ओळीवर.

बालूत दोन्ही लिप्यांचं वजन एकत्र बसून ठरवलेलं आहे. एक्स्ट्राबोल्ड मराठीखाली एक्स्ट्राबोल्ड इंग्रजी ठेवलं तर दोघांचा काळेपणा सारखा दिसतो. मी याच्याही पुढे जाते: मराठी एक्स्ट्राबोल्ड, इंग्रजी सेमीबोल्ड. पाच वजनं असल्याचा हा मोठा फायदा. एक खबरदारी मात्र घ्यावी. पॉइंट साइज सारखा ठेवला म्हणजे उंची सारखी झाली असं समजू नये. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत एक माप घ्यावं, इंग्रजी कॅपिटलचं दुसरं घ्यावं, आणि दोन्ही ताडून बघावीत. मात्रा-वेलांटीची उंची धरून मोजणारे लोक आहेत. ते स्वतःला फसवतात.

ज्या पाट्यांत आतून दिवे लागतात त्या ॲक्रिलिकच्या उठावदार अक्षरांसाठी बालू विशेष चांगला. अक्षराच्या पोकळीत एलईडीची पट्टी बसायला ठरावीक रुंदी लागते आणि बारीक रेषेत ती बसत नाही. इथे बसते. शिवाय ॲक्रिलिक कापणाऱ्या राउटर मशीनचं पातं स्वतः गोल असतं, त्यामुळे आतला काटकोनी कोपरा ते कधीच नीट कापू शकत नाही, तिथे थोडी गोलाई राहतेच. टोकदार फॉन्टमध्ये ती खटकते, बालूत खपून जाते, कारण मूळ अक्षरच मऊ आहे. ज्यांना हे काम नवीन आहे त्यांना एकच सांगेन: अनुस्वाराचा ठिपका सुटा असतो, त्याला वेगळी वायर न्यावी लागते. दर देताना ते धरा. 'आनंद' नावाच्या दुकानात त्या ठिपक्याचा दिवा गेला की दुकानाचं नाव 'आनद' होतं.

रेडियम कटिंगसाठी दोन सूचना. पहिली, गुगल फॉन्ट्सवरून फाइल उतरवली की त्यात एक व्हेरिएबल फाइल (सगळी वजनं एकाच फाइलमध्ये) येते आणि शेजारी स्टॅटिकचा (प्रत्येक वजनाची वेगळी फाइल) फोल्डर असतो. कटिंगला स्टॅटिकच घ्या. व्हेरिएबल फॉन्टमध्ये एकाच अक्षराचे भाग अनेकदा एकमेकांवर चढलेले असतात. स्क्रीनवर ते दिसत नाहीत, पातं मात्र त्या आतल्या रेषांवरूनही फिरतं. दुसरी, स्टॅटिक घेतला तरी शब्द वेल्ड केल्याशिवाय, म्हणजे सगळे आकार जोडून एक केल्याशिवाय, मशीनला पाठवू नका. देवनागरीत शिरोरेषा सलग दिसते, पण फाइलमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारणीवर थोडी चढलेली असते. वेल्ड न करता कापलं तर प्रत्येक जोडावर चीर पडते आणि टेंपोवर लावताना शब्दाचे तुकडे हातात येतात. बालूची शिरोरेषा बारीक फॉन्टपेक्षा रुंद असल्यामुळे एकदा वेल्ड झाला की अख्खा शब्द एका पट्टीत उचलला जातो. उन्हातान्हात पत्र्यावर चिकटवताना याचं मोल कळतं. दुधाच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा, पाण्याचे टँकर अशी कामं आमच्याकडे आता बहुतेक बालूतच होतात.

अंगणवाड्या आणि पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी भिंतीवरचे तक्तेही आम्ही यात केलेत. जाड अक्षराखाली चित्र, एवढं साधं. मुलांना हे अक्षर आवडतं, पण एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. भिंतीवरचा शब्द ओळखायला बालू उत्तम, गिरवायला नाही. गिरवण्याच्या अक्षरात पेन्सिल कुठून सुरू होते आणि कुठे वळते हे मुलाला दिसावं लागतं, आणि एवढ्या जाड रेषेत ते दिसत नाही. एका बाईंनी गिरवण्याचे कागद बालूच्या ठिपक्यांत करून मागितले होते. मी त्यांना बारीक रेषेचं अक्षर दिलं, कारण सांगितलं, त्यांनाही पटलं.

कुठे वापरू नये हेही स्पष्ट सांगते. 'भावपूर्ण श्रद्धांजली' या फॉन्टमध्ये कधीही लिहू नका. चौकात असे फ्लेक्स लागतात आणि पाहून जीव कळवळतो. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली आइस्क्रीमच्या गाडीवरचं अक्षर. घरच्यांच्या ते लक्षात येत नाही, ते दुःखात असतात. म्हणून ही जबाबदारी आपली, फ्लेक्स करणाऱ्यांची. वकिलाची पाटी, दवाखाना, पतसंस्था, न्यायालयाची नोटीस, संस्थेचं मानपत्र यांनाही तो नको. लग्नपत्रिकेत मी घालत नाही, बारशाच्या आमंत्रणात आनंदाने घालते. मुंजीच्या पत्रिकेत 'बटू' आणि नाव बालूत, बाकी मजकूर मुक्तमध्ये, असं काही वेळा केलंय आणि छान दिसलंय.

दुसरे पर्याय आहेतच. 'मोदक' बालूपेक्षा कितीतरी जाड, पोटातल्या जागा नुसत्या फटीएवढ्या उरलेल्या. गणपती मंडळाच्या कमानीवर एक शब्द, फार तर दोन, एवढ्याला तो अप्रतिम, पण तिसरा शब्द आला की जड होतो. 'पॉपिन्स'च्या जाड वजनांत देवनागरी आहे, अक्षर भौमितिक आणि शहरी, कोपरे तीक्ष्ण. मोबाइलच्या दुकानाला, जिमला ते शोभतं. भडंगाला नाही शोभत. रस्त्यावरच्या, खाण्यापिण्याच्या आणि पोराबाळांच्या कामांत बालूच्या तोडीचं जाड आणि मऊ मराठी अक्षर मला दुसरं सापडलेलं नाही.

बालू युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाइलवर चालणाऱ्या एकाच अक्षरसंकेतात, असल्याचा फायदा रोजच्या कामात फार जाणवतो. आमच्याकडची जुनी कामं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत आहेत. तो मजकूर थेट बालूत टाकता येत नाही, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो. जोडाक्षरं आणि रफार तेवढे तपासा. नवीन काम मात्र सगळं गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवरूनच येतं आणि ते युनिकोडच असतं. कॉपी केलं, पेस्ट केलं, फॉन्ट लावला. पुन्हा टाइप करताना होणाऱ्या चुका गेल्या. त्यांनी नाव जसं लिहिलंय तसंच छापलं जातं, आणि शुद्धलेखनाबद्दल शंका असेल तर मी त्यांना तिथेच उलट विचारते.

काही जुन्या आवृत्तीच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षरानंतर जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. लोक याचा राग फॉन्टवर काढतात. तो फॉन्टचा दोष नाही, सॉफ्टवेअरला देवनागरीची मांडणी येत नाही म्हणून तसं होतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा, इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्समधून भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करा, की अक्षरं जागेवर बसतात. इंकस्केप आणि लिब्रेऑफिसमध्ये काही न करता नीट दिसतं. ज्यांच्याकडे जुनंच सॉफ्टवेअर आहे त्यांनी शब्द इंकस्केपमध्ये लिहून, त्याचे पाथ करून (अक्षरांचं चित्रातल्या रेषांत रूपांतर करून), मग आपल्या फाइलमध्ये आणावा. थोडा वळसा पडतो, पण अक्षर मोडत नाही.

पैशाचं सांगायचं तर फॉन्ट फुकट आहे आणि कायदेशीररीत्या फुकट आहे. 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली दिलेला असल्याने पाटीवर, पाकिटावर, विकायच्या टी-शर्टवर, ॲपमध्ये, कुठेही वापरता येतो. नुसती फॉन्टची फाइल मात्र सुटी विकता येत नाही. आमच्या धंद्यात चोरून आणलेले फॉन्ट पेनड्राइव्हवरून दुकानोदुकानी फिरत असतात आणि मोठं गिऱ्हाईक परवाना विचारतं तेव्हा तोंड लपवायची पाळी येते. इतक्या कष्टाने काढलेलं अक्षर कुणी असं खुलं करून देतं, याबद्दल मला त्या मंडळींचा आदर वाटतो. हाताखालच्या मुलांनाही मी सांगते की नमुना दाखवताना गिऱ्हाइकाला फॉन्टचं आणि करणाऱ्यांचं नाव सांगा. पाटी करणाऱ्याचं नाव लोक विचारतात, अक्षर करणाऱ्याचं कुणी विचारत नाही.

राहिलं ओळींमधलं अंतर. बालूचं मूळ अंतर बरंच मोकळं आहे, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं या सगळ्यांना जागा ठेवलेली आहे. दोन ओळींच्या पाटीवर ते जास्त वाटतं आणि हात लगेच कमी करायला जातो. कमी करा, पण आधी दोन्ही ओळी वाचा. वरच्या ओळीत 'कृ', 'द्रू', 'ष्टू' असं काही असेल आणि त्याच्या बरोबर खाली 'र्थी' किंवा 'कौ' येत असेल तर ती एकमेकांत अडकतात. अशा वेळी सगळं अंतर वाढवण्याऐवजी खालची ओळ किंचित डावी-उजवी सरकवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. इंग्रजीत ते चालतं, मराठीत शिरोरेषा तुटते. पाटी रुंद असेल आणि नाव छोटं, तर अक्षराचा आकार वाढवा किंवा दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा.